वाळवंटातला सुट्टीचा दिवस



आखातातून माणूस सुट्टीवर घरी आला की आपण त्याला पगार विचारतो, सोन्याचा भाव विचारतो, विमानात काय खायला देतात तेही विचारतो. पण तिकडे सुट्टीच्या दिवशी लोक करतात काय, पोरे कुठे खेळतात, घरची मंडळी बाहेर जेवायला जातात ती कुठे, हे कोणी विचारत नाही. मी ते विचारून घेतले आहे. माझे मामा, मामी आणि मामेभाऊ शारजा येथे राहतात. माझे चुलतकाका दुबईला एसी दुरुस्तीचे काम करतात. मामेभावाच्या शाळेला जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी असते, तेव्हा मामांकडची मंडळी पाचोऱ्याला येतात. त्या वेळी मी वही घेऊनच बसले होते. काकांना मात्र फोनवर विचारावे लागले.

माझे प्रश्न नुसते गमतीचे नव्हते. आमच्या बाबांनाही तिकडे काम मिळेल असे मामा म्हणतात. जायचे की नाही, आणि गेले तर बाबांनी एकट्याने की आम्ही सर्वांनी, हे आमच्या घरी अजून ठरायचे आहे.

आधी देश कोणता ते सांगते. नकाशात अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला बोट लावा आणि थोडे वर सरका. तिथे संयुक्त अरब अमिराती नावाचा देश आहे. अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, फुजैरा आणि रास अल खैमा अशी सात छोटी राज्ये मिळून तो झाला. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा राज्ये एकत्र आली आणि सातवे रास अल खैमा १९७२ च्या फेब्रुवारीत आले. मुंबईहून विमानाने तिथे जायला सुमारे तीन तास लागतात. पाचोऱ्याहून मुंबईला आगगाडीने जायला याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणजे खरा लांबचा प्रवास आपल्या स्टेशनापासून मुंबईपर्यंतचाच! तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्याकडे शाळेची घंटा साडेदहाला झाली तर तिथे नऊ वाजलेले असतात.

एक गंमत बाबांनी सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. पूर्वी दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालत असे. १९५९ पासून तिकडच्यासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने वेगळ्या रुपयाच्या नोटा छापल्या, आणि त्या १९६६ पर्यंत चालल्या. १९७३ पासून तिथे दिरहम हे नाणे आहे. एका दिरहमला आज वीस रुपयांहून जास्त पडतात. पुढे मी दिरहम लिहीन तिथे वीस-पंचवीसने गुणून पाहा.

आता उन्हाचे सांगते, कारण तिथली सगळी करमणूक उन्हाच्या तंत्राने चालते.

ऊन म्हटल्यावर आमची आजी म्हणाली, "इतलं ऊन ते आठे बी शे!" ते खरेच आहे. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण तिथला उन्हाळा दोन बाबतीत वेगळा आहे. एक म्हणजे तो लांब असतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस आला की सुटका होते, तिथे मे ते सप्टेंबर सुटका नाही, कारण पावसाळा नावाचा ऋतूच नाही. सबंध वर्षाचा पाऊस साधारणपणे शंभर मिलिमीटरसुद्धा होत नाही. (२०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र उलटे झाले. अल ऐन भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरवर पाऊस पडला आणि दुबईचे रस्ते नद्यांसारखे वाहिले. मामेभावाची शाळा तेव्हा काही दिवस घरूनच भरत होती.) दुसरी गोष्ट म्हणजे दमट हवा. शहरे समुद्राकाठी आहेत. आपल्याकडचे ऊन कोरडे असते, झाडाखाली बसले की बरे वाटते. तिथे रात्री दहा वाजता घराबाहेर पडले तरी चष्म्याच्या काचा धुरकट होतात. २०२५ च्या मे महिन्यात स्वैहान या गावी पारा ५१ अंशांच्या वर गेला होता.

म्हणून सरकारने नियमच केला आहे की १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायचे नाही. जिथे काम बंद ठेवावे लागते तिथे पोरांनी खेळायचे कसे? तेव्हा तिथला हिशेब आपल्या उलट आहे. आपल्याला मे महिन्यात सुट्टी असते आणि आपण आमराईत, नदीवर, गल्लीत हुंदडतो. तिथे उन्हाळा म्हणजे घरात कोंडून राहण्याचे दिवस. नोव्हेंबर ते मार्च हे बाहेर पडण्याचे दिवस. सहल असो, लग्नाचा वाढदिवस असो की क्रिकेटची स्पर्धा असो, सगळे थंडीत ठेवतात.

मॉल हा शब्द आपण टीव्हीवर ऐकतो. मला वाटायचे, मॉल म्हणजे श्रीमंतांचे दुकान. मामी म्हणाली, "अगं, आम्ही मॉलमध्ये काही विकत घ्यायला जात नाही, गार हवेत चालायला जातो." एकाच छपराखाली शेकडो दुकाने, मधून रुंद रस्ते, बसायला बाकडी, आणि सगळीकडे थंड हवा. आत शिरायला पैसे पडत नाहीत. आपला आठवडे बाजार एका मोठ्या इमारतीत भरवला आणि आरडाओरडा काढून टाकला तर कसे दिसेल, तसे समजा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दुबई सरकारने काही मॉल सकाळी सात ते दहा या वेळात फक्त चालण्या-धावण्यासाठी उघडले होते. दुकाने उघडण्याआधी म्हातारी माणसे, बायका, मुले आतल्या रस्त्यांवरून फेऱ्या मारत. आजीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

पण याच मॉलमध्ये पैसे उडवण्याचीही सोय आहे. दुबईच्या एका मॉलमध्ये २००५ सालापासून खरा बर्फाचा डोंगर आहे! बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत शून्याच्याही खाली. तिथे पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरतात. पेंग्विन पक्षीही ठेवले आहेत. गरम कपडे तिथेच मिळतात. दुसऱ्या एका मॉलमध्ये माशांचे एवढे मोठे काचघर आहे की त्यात शार्क फिरतात. मामेभाऊ बर्फात एकदाच गेला आहे, कारण तिकीट महाग. एरवी ते बाहेरच्या काचेतून बघतात. काचेतून बघायला काही पडत नाही, आणि मामेभावाच्या मते पेंग्विन सोडले तर बाकी सगळे काचेतूनही तेवढेच दिसते.

जगातील सर्वांत उंच इमारत, बुर्ज खलिफा, ही दुबईतच आहे. तिची उंची ८२८ मीटर असून ती २०१० च्या जानेवारीत खुली झाली. वर जायला तिकीट लागते, खालून बघायला नाही. तिच्या पायथ्याच्या तलावात संध्याकाळी कारंजी गाण्याच्या तालावर नाचतात, तीही फुकट. पाहुणे आले की मामा त्यांना हमखास इथे आणतात. माझ्या मते हे शहाणपणाचे आहे.

मी मामांना विचारले, "पण साधी बाग नाही का?" आहे. पुष्कळ आहेत. दुबईत नगरपालिकेच्या मोठ्या बागांना माणशी पाच दिरहम तिकीट पडते आणि गल्लीतल्या लहान बागा तर मोफत. वाळवंटात हिरवळ कशी, याचे मला नवल वाटले. त्या देशात बारमाही नदी एकही नाही. प्यायचे पाणी समुद्राचे असते. यंत्रांत ते तापवून त्याची वाफ धरतात, किंवा अगदी बारीक पडद्यातून जोराने गाळतात, म्हणजे मीठ मागे राहते. असे महागाचे पाणी गवताला घालणे परवडणार नाही. म्हणून घराघरांतले सांडपाणी शुद्ध करून तेच बागांना देतात. आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येते हे सर्वांना माहीत आहे, आणि आपण सांडपाणी मात्र गटारीत सोडून देतो.

बागेत कोळशावर भाजून खाण्यासाठी ओटे बांधलेले असतात. थंडीत सुट्टीच्या दिवशी तिथे जागा मिळवायला लवकर जावे लागते. अरबी लोक मांस भाजतात, केरळचे लोक मासे. मामी वांगी घेऊन जाते! निखाऱ्यावर वांगी भाजायची, तिथेच ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून आपले खानदेशी भरीत करायचे. आपल्याकडच्या मोठ्या हिरव्या वांग्याची चव त्याला येत नाही, पण धुराचा वास तोच, असे मामी म्हणते. शेजारच्या चटईवरचे एक सुदानी कुटुंब वास घेऊन विचारायला आले. त्यांच्याकडेही वांग्यात शेंगदाण्याचा कूट घालून असेच काहीसे करतात. मग दोन्हीकडून ताटल्या फिरल्या.

दुबईच्या मधून समुद्राचा एक फाटा आत आला आहे, त्याला खाडी म्हणा. तिच्यात लाकडी नावा चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. पलीकडे जायला जुन्या मार्गावर एक दिरहम. मामेभावाला विमानापेक्षा ती नाव आवडते. तिथे चालकाशिवाय धावणारी मेट्रो आगगाडीही आहे, ती ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. पहिल्या डब्यात पुढे उभे राहिले की आपणच गाडी चालवतो असे वाटते. पण तिच्यात खाल्ले-प्यायले तर शंभर दिरहम दंड! आपल्या पीजेत, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या गाडीत, लोक भेळ खात, गप्पा मारत जात असत. ती गाडी आता थांबली, पण माझ्या मते करमणूक तिच्यात जास्त होती.

सहलीत मला सर्वांत आवडली ती अल ऐनची हकिकत. हे गाव समुद्रापासून आत, वाळवंटात आहे. तिथे खजुरीचे जुने बन आहे, त्यात लाखाहून जास्त झाडे आहेत. दूर जमिनीखालचे पाणी उतारावरून चरांनी आणतात. त्या चराला फलज म्हणतात. प्रत्येक बागेला पाणी किती वेळ द्यायचे हे ठरलेले असते आणि पाळीपाळीने ते दिले जाते. २०११ साली युनेस्कोने अल ऐनला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हे वाचताना मला आपली फड पद्धत आठवली. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधारे घालून पाट काढले आहेत आणि शेतकरी मिळून पाण्याच्या पाळ्या ठरवतात. ज्यांच्याकडे पाणी थोडे, त्यांनी दोन्हीकडे एकच युक्ती काढली. अल ऐनच्या बनात सावलीत पायी हिंडायला पैसे लागत नाहीत. मामा वर्षातून एकदा तरी तिथे जातात.

आता खेळांकडे वळते, कारण आमच्या वर्गातील मुलांनी मला बजावले आहे की क्रिकेट सोडू नको.

शारजा हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना क्रिकेटमुळेच ठाऊक आहे. अब्दुल रहमान बुखातिर या अरबी उद्योगपतींनी शिकत असताना कराचीत क्रिकेट पाहिले आणि त्यांना त्याचे वेड लागले. त्यांनी वाळवंटात मैदान बांधले. १९८४ च्या एप्रिलमध्ये तिथे पहिली आशिया चषक स्पर्धा झाली. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका असे तीनच संघ होते, आणि सुनील गावसकर कर्णधार असलेल्या आपल्या संघाने ती जिंकली. १९८६ मध्ये मात्र जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. आजोबा अजून त्या चेंडूविषयी बोलत नाहीत. मग १९९८ साल. २२ एप्रिलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना चालू असताना वाळूचे वादळ आले, खेळ थांबला, खेळाडू जमिनीवर आडवे झाले. त्या सामन्यात सचिन तेंडुलकरने १४३ धावा केल्या. सामना आपण हरलो, पण अंतिम सामन्यात पोचलो. २४ एप्रिलला, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, सचिनने पुन्हा १३४ धावा काढून चषक मिळवून दिला. बाबा तेव्हा शाळेत होते. त्यांनी तो सामना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला, आणि वीज गेली तेव्हा सगळी गल्ली रेडिओभोवती बसली.

२००५ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे मुख्य कार्यालय लंडनहून दुबईला हलले. २०२० मध्ये करोनामुळे सगळी आयपीएल अमिरातीतच झाली आणि मुंबई इंडियन्स जिंकले, पण तेव्हा मामा मैदानापासून हाकेच्या अंतरावर असूनही त्यांनी सामने टीव्हीवरच पाहिले. २०२५ च्या ९ मार्चला रोहित शर्माच्या संघाने न्यूझीलंडला हरवून चॅम्पियन्स चषक जिंकला, तोही दुबईत.

मामेभाऊ स्वतः मात्र बंद सभागृहात बॅडमिंटन शिकतो. उन्हाळ्यात दुबईतील प्रदर्शनाच्या मोठमोठ्या सभागृहांत क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटनची मैदाने आखून देतात. तासावर भाडे असते. इथे आल्यावर तो पहिल्या दिवशी विचारत होता, "ग्राउंड किती वाजेपर्यंत बुक आहे?" आम्ही त्याला सांगितले, अंधार पडेपर्यंत.

तिथला स्वतःचा जुना खेळ म्हणजे उंटांच्या शर्यती. त्या थंडीत, पहाटे असतात आणि पाहायला बहुधा तिकीट नसते. यातली एक गोष्ट आपण मुलांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. उंटावरचा स्वार जितका हलका तितका उंट जोरात पळतो. म्हणून पूर्वी लहान मुलांना उंटावर बांधून बसवत. अगदी चार-पाच वर्षांची मुलेसुद्धा असत. ती पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया अशा देशांतल्या गरीब घरांतून आणलेली असत. वजन वाढू नये म्हणून त्यांना जेवायला कमी देत, आणि पडून कित्येक मुले जखमी झाली. जगभर ओरड झाली. २००५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना बसवण्यास कायद्याने बंदी झाली आणि युनिसेफच्या मदतीने हजारावर मुले आपापल्या देशांत परत पाठवली गेली. आता उंटाच्या पाठीवर काही किलो वजनाचे यंत्र बसवतात. त्याला चाबूक असतो आणि मालक बाजूच्या रस्त्याने मोटारीतून पळत दूरनियंत्रकाने तो हलवतो. मामेभाऊ म्हणतो की यंत्रांना रंगीत कपडे घालतात, त्यामुळे लांबून बाहुली बसली आहे असेच वाटते. मला ऐकताना हसू आले, पण त्या जागी आधी कोण बसत होते हे कळल्यावर थांबले.

ससाण्यांचे वेडही तिथे फार. अबुधाबीत ससाण्यांसाठी १९९९ पासून मोठा दवाखाना आहे आणि परदेशी नेताना पक्ष्यालाही पासपोर्ट लागतो. आमच्या घरात पासपोर्ट एकट्या बाबांचा आहे, तोही नवाकोरा.

खाण्यापिण्याचे सांगायचे तर तिथे सगळ्या जगाचे जेवण मिळते, कारण सगळ्या जगाची माणसे तिथे आहेत. एकट्या भारतातलेच पस्तीस लाखांहून जास्त लोक त्या देशात राहतात. करामा, बर दुबई अशा भागांत गेले तर इडली, ढोकळा, वडापाव, मिसळ सगळे दिसते. उडुपी थाळी, केरळी मासे, पाकिस्तानी निहारी शेजारी शेजारी. अरबी रोटीला खुबूस म्हणतात. ती फुगलेल्या भाकरीसारखी असते आणि स्वस्त असते. मजबूस हा मसालेभात मांसाबरोबर शिजवतात. लुगैमात नावाचे गोड गोळे तळून त्यावर खजुराचा पाक ओततात. मामीने ते इथे करून दाखवले. आजी म्हणाली, "हे ते गुलगुलेच!"

आणि चहा! तिथे गल्लोगल्ली 'करक' चहा मिळतो. हा शब्द आपल्या 'कडक' वरूनच आला. दूध, वेलची घालून उकळलेला, आपल्या स्टेशनावर मिळतो तसाच. टपरीपुढे मोटार उभी करून भोंगा वाजवला की पोऱ्या चहा गाडीपाशी आणून देतो. लाखो रुपयांच्या मोटारीत बसून लोक हा एक-दोन दिरहमचा चहा पितात.

पण रोज बाहेर खाणे परवडत नाही. मामांकडे महिन्यातून दोनदा बाहेर जेवतात, बाकी घरचेच. सामान सगळे मिळते. दातार कुटुंबाने १९८४ साली दुबईत एक लहान किराणा दुकान काढले. त्याचीच आज 'अल अदील' नावाची पुष्कळ दुकाने झाली आहेत. ती चालवणारे धनंजय दातार मूळ विदर्भातले, तिकडे त्यांना मसाला किंग म्हणतात. पोहे, भाजणी, गोडा मसाला, पापड तिथे मिळतात. कळण्याचे पीठ मात्र मिळत नाही. ते मामी इथून बांधून नेते, आणि बिबडेही.

आणखी एक वस्तू इथून जाते, ती म्हणजे केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडी गावच्या शेतकऱ्यांची बावीस टन केळी दुबईला गेली. तिथल्या दुकानात घडावर चिठ्ठी असते. मामेभाऊ ती वाचून आईला ओरडून सांगतो, "आपल्या गावची!" मामी म्हणते, रावेर आपले गाव नव्हे रे, पण जाऊ दे.

रमजानच्या महिन्यात सगळा दिवसक्रम बदलतो. शाळा लवकर सुटते, बाजार रात्री उशिरापर्यंत भरतो. सूर्य मावळला की मशिदींजवळ तंबूत रांगेने जेवण वाढतात, आणि तिथे बसणाऱ्याला तू कोण असे विचारत नाहीत. काका अनेकदा तिथे जेवले आहेत.

सुट्टीचे वारही सांगून ठेवते. पूर्वी तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार पूर्ण आणि शुक्रवारी अर्धी सुट्टी झाली. शारजात तर शुक्रवार, शनिवार, रविवार तिन्ही दिवस. म्हणजे मामेभावाला आठवड्यात चारच दिवस शाळा! यावर आपल्या वर्गात बरीच चर्चा झाली, पण गुरुजींनी ती पुढे जाऊ दिली नाही.

या लांब सुट्टीत मराठी मंडळी एकमेकांकडे जमतात. गावोगावी असतात तशी तिथेही महाराष्ट्र मंडळे आहेत; गणेशोत्सव, दिवाळी, नाटक, मुलांच्या स्पर्धा होतात. मामांकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि विसर्जन घरीच बादलीत. मामेभाऊ शाळेत इंग्रजी बोलतो, खाली खेळताना हिंदी. मराठी त्याच्या कानावर पडते ते घरात आणि मंडळात. अखाजीला मामीने गॅलरीत दोरीचा झोका बांधला होता, बाराव्या मजल्यावर! लोखंडी जाळी आहे म्हणून बरे.

आतापर्यंत जे लिहिले ते मामांच्या घरचे. काकांची सुट्टी वेगळी असते.

काकांना आठवड्यात एकच सुट्टी, रविवारी. ते कंपनीच्या खोलीत राहतात. एका खोलीत सहा माणसे, दोन मजली पलंग. दुबईत कामगारांच्या वस्तीचा एक मोठा भाग आहे, त्याला लोक सोनापूर म्हणतात. नाव ऐकून मला वाटले तिथे सोन्याची दुकाने असतील. काका हसले. रविवारी सकाळी आठवड्याचे कपडे धुवायचे, मग पाळीने स्वयंपाक. काकांना वरण-बट्टी येते, म्हणून त्यांच्या पाळीची सगळे वाट पाहतात. त्या खोलीत एक नेपाळी, दोन बिहारचे, एक पेशावरचा आणि एक तेलंगणाचा आहे. बट्टी सगळ्यांना आवडते. दुपारी कॅरम किंवा झोप.

थंडीत पहाटे मात्र क्रिकेट! तिकडे सुट्टीच्या सकाळी मोकळ्या वाळूच्या जागांवर, गाड्या लावायच्या रिकाम्या जागांवर शेकडो कामगार खेळतात. टेनिसच्या चेंडूला चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे तो जड होऊन वेगाने जातो. स्टंप म्हणून तेलाचा डबा. काकांच्या संघात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी एकत्र असतात. ऊन चढले की डाव जिथे असेल तिथे संपतो.

संध्याकाळी घरी फोन. व्हॉट्सॲपवरून बोलणे तिथे लागत नाही, म्हणून बोटिम नावाच्या ॲपवर बोलतात. आमच्या घड्याळात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. काकू आणि माझी लहान चुलतबहीण आधीपासून फोन धरून बसतात. बहीण चित्र दाखवते, काका फोन फिरवून खोली दाखवतात. बुर्ज खलिफा काकांनी आठ वर्षांत दोनदाच जवळून पाहिली, आणि तीही कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा.

मी काकांना विचारले, "काकूला आणि बहिणीला का नेत नाही?" त्यांनी नियम सांगितला. बायको-मुलांना तिथे राहायला न्यायचे तर पगार निदान चार हजार दिरहम पाहिजे, किंवा तीन हजार आणि वर राहण्याची जागा. शिवाय घरभाडे आणि शाळेची फी. परदेशी मुलांना खासगी शाळेतच जावे लागते, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी फुकट शाळा त्यांच्यासाठी बहुधा नसतेच. म्हणजे मी वर बागा, मॉल, अल ऐन, झोका असे जे लिहिले, त्याच्या दाराशी हा आकडा उभा आहे. काकांचा पगार त्याच्या खाली आहे.

आमच्या बाबांना जे काम मिळण्याची शक्यता आहे त्याचा पगार अडीच हजार दिरहम आहे, खोली कंपनीची. रुपयांत मांडले तर आकडा मोठा दिसतो, साठ हजारांच्या आसपास. इथे बाबांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, आणि विहिरीचे कर्ज फेडायचे आहे. पण आकडा तीन हजारांच्या खाली आहे, म्हणजे आम्ही जाऊ ते फार तर पाहुणे म्हणून, भेटीच्या व्हिसावर, आणि तिकिटांचे पैसे साठले तर. हा हिशेब मी आणि आईने वहीच्या मागच्या पानावर मांडला आहे. बाबांनी तो दोनदा वाचला आणि मामांना विचारले की दोन वर्षांत पगार किती वाढतो. मामांनी अजून उत्तर दिलेले नाही.

पालकांसाठी एक माहितीची गोष्ट मामांनी मुद्दाम लिहायला सांगितली. कोणी एजंट कामाला नेतो म्हणाला तर तो सरकारकडे नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर शिक्का असतो, त्यांना अमिरातीत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते. भेटीच्या व्हिसावर नेऊन मग काम लावतो असे कोणी म्हणाले तर जाऊ नये.

मी रविवारी रात्री काकांशी बोलते. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यावा. पाचवीतल्या एकाने आधीच दिला आहे : उंटाला यंत्राचा राग येत नाही का?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी